उलटा कॅलक्युलेटर

माझा धाकटा भाऊ तेव्हा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर आला, तेव्हा माझ्या मुलीसाठी त्याने सेलवर चालणारं गणिताचं एक खेळणं आणलं. दिसायला कॅलक्युलेटर, पण काम उलटं. प्रश्न ते विचारायचं, उत्तर आपण दाबायचं. बरोबर आलं तर छोटीशी धून वाजे. चुकलं किंवा उशीर झाला की ते गुरगुरायचं.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये गल्फची वस्तू घरात आली की शोकेसमध्ये जायची. हेही गेलं. सासूबाईंनी स्वतः ठेवलं आणि कुलूप लावलं. "मोडलां तर दुरुस्त कोण करतलो?"

मुलगी चौथीत होती, स्कॉलरशिपला बसणार होती. सराव परीक्षेत तिने गणिताचे अकरा प्रश्न सोडवलेच नाहीत. वेळ पुरला नाही म्हणाली. मला पटेना. तिचे तीसपर्यंतचे पाढे पाठ होते. रोज दिवेलागणीला घडाघडा म्हणायची आणि सासूबाई खुशीत मान डोलवायच्या.

एका रविवारी मी शोकेस उघडली आणि खेळणं तिच्या हातात दिलं. सात गुणिले आठ. तिचे ओठ हलत राहिले, खेळणं गुरगुरलं. नऊ गुणिले सहा. परत गुरगुर.

"बिघाडलां," सासूबाई म्हणाल्या. "माका ठावक होतां."

"काही बिघडलेलं नाही. सात आठे किती गं?" मी विचारलं.

"थांब ना, येतेय. सात चोकवर आहे."

म्हणजे प्रत्येक गुणाकाराला ही एकपासून निघत होती. अकरा प्रश्न तिथेच गेले होते. मी तिला हसले आणि खेळणं स्वतःकडे घेतलं. त्याने तेरा गुणिले सहा विचारलं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस...

"आई, तू पण?"

त्या दिवसापासून मी तिचं संध्याकाळचं पाढे म्हणणं बंद केलं. मुलगी खेळणं घेऊन बसायची. सासूबाईंना ते गुरगुरणारं भूत घरात नको होतं. पण महिन्याभरात त्याचे सेल संपले आणि तसले सेल मुलुंडला कुठेच मिळेनात. मग तांदूळ निवडता निवडता त्याच विचारू लागल्या, "नऊ साते? बारा आठे?" उशीर झाला की सुपावरून मान वर न करता घशातून गुरगुरायच्या. खेळण्यापेक्षा यांचीच गुरगुर जास्त लागू पडली.

स्कॉलरशिप मिळाली नाही, भाषेत कमी पडली. गणिताचा पेपर मात्र पूर्ण सोडवून आली, वर दहा मिनिटं उरली.

"मग उरलेल्या वेळात काय केलंस?" मी विचारलं.

"तेविसाचा पाढा म्हटला. मनातल्या मनात, पहिल्यापासून."

"कशाला?"

"मला आवडतो."


सासूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "आता मोठ्यान म्हण," त्या म्हणाल्या.