करवतीला घातलेली आंघोळ

आमच्या घरात पेट्रोलवर चालणारी एक करवत आहे. लांबलचक दांडा, एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला साखळीचं छोटं पातं. जमिनीवर उभं राहून दोन पुरुष उंचीवरची फांदी तिनं तोडता येते. दुकानदारानं तिचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण ते आमच्यात कुणाच्या तोंडात बसलं नाही. आम्ही तिला लांबडी म्हणतो.

लांबडी आली ती आमच्या मालकांच्या पायामुळं. मालक म्हणजे माझा नवरा. ह्यांचा निम्मा जन्म झाडावर गेला. शिरोळच्या आसपास कुणाचे नारळ उतरवायचे असोत की आंब्याची वाळकी फांदी पाडायची असो, बोलावणं आमच्या दाराला यायचं आणि हे कोयता कमरेला अडकवून निघायचे. एकदा शेजाऱ्यांच्याच आंब्यावरून पडले. मांडीत सळई बसवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडलात तर अंथरुणाला खिळाल. मग पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलानं लांबडी आणून दिली आणि ह्यांच्याकडून शब्द घेतला की झाडावर पाय ठेवायचा नाही.

शब्द दिला, पण मनातून नाही. खाली उभं राहून झाड तोडणं ह्यांना बाईमाणसाचं काम वाटायचं, आणि तसं ते माझ्या तोंडावर म्हणायचेही. म्हटलं, ठीक आहे, बाईमाणूस बघेल. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, साखळीचं तेल वेगळ्या टाकीत कसं ओतायचं, गोल कानशीनं दातांना धार कशी लावायची, काम झाल्यावर हवेचा फिल्टर कसा झटकायचा, सगळं मी शिकून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा नाद लागला. मिक्सर बिघडला तर मी त्याला हात लावत नाही, पण लांबडीचे नट मी डोळे मिटून खोलीन. हे फक्त तिला खांद्याला अडकवायचे, नाक मुरडत फांद्या तोडायचे आणि जेवल्यावर ताट सरकवावं तसं तिला माझ्यापुढं सरकवायचे.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळ्यांना आंघोळ आणि झेंडूची माळ. लांबडी मात्र दर वर्षी अवजारांच्या खोलीतच राहायची. ह्यांनी तिला कधी पूजेला बाहेर काढलं नव्हतं आणि मीही कधी विषय काढला नव्हता. गेल्या खंडेनवमीला मी आत कडाकणी तळत होते. बाहेर औषध फवारायच्या पंपाचा आवाज चालू होता. त्याच्याच गनमधून जोराचं पाणी मारून हे ट्रॅक्टर धुतात. हात पुसत बाहेर आले तर अंगणात पोत्यावर कोयत्यांच्या शेजारी लांबडी मांडलेली. ठिबकत होती. अंगभर हळदीकुंकू, दांड्याला झेंडूची माळ. मी बघतेय म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, “ही बी हत्यारच हाय की.”

मला भरून आलं. वाटलं, सुटले बाई एकदाची. हा माणूस आता झाडावर जात नाही. त्या आनंदात, ती पाण्यानं धुतलीय म्हणजे काय झालंय, हे माझ्याही डोक्यात शिरलं नाही.

दसरा झाला. ऊसतोडीची टोळी यायची वेळ आली. आमच्या शेतवाटेवर चिंचेचं जुनं झाड आहे. भरलेली ट्रॉली त्याच्या फांद्यांना अडकते, म्हणून टोळी यायच्या आधी त्या दर साली काढाव्या लागतात. ह्यांनी लांबडी काढली, दोरी ओढली. हूं की चूं नाही. घाम फुटेस्तोवर ओढली. मी फिल्टरचं झाकण उघडलं तर आतल्या स्पंजात पाणी आणि कुंकवाचा लाल चिखल. टाकीतल्या पेट्रोलखाली पाण्याचा थर. मी तिथंच तोंड सोडलं. अहो, हिला म्हैस समजलात का, म्हणून विचारलं. नंतर स्वतःचाच राग आला, कारण लाख चुका करून बसलेल्या ह्या माणसानं ही एक चूक मायेपोटी केली होती. ते खोलीतल्या शिडीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “शिडी काढतो की. दोन फांद्यांचं काम.”

मी हात जोडले, संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं. फिल्टर आणि प्लग आणायला स्कूटर घेऊन शिरोळला निघाले. ह्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. रस्ताभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. डोळ्यांपुढं तीच आंब्याखालची माती आणि वाकडा झालेला पाय.

दुकानातले मिस्त्रीचाचा ओळखीचे आहेत. दुकानापुढं फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, पाण्याच्या मोटारी ओळीनं पडलेल्या, निम्म्यांच्या गळ्यात सुकलेला झेंडू तसाच. दसऱ्यानंतर दर साली हेच चालतं, असं त्यांनी सांगितलं. “वैनी, पूजा करा की, कोण न्हाय म्हणतंय? पण कोरडी करा,” म्हणाले. एरवी मी दोन गोष्टी बोलले असते. त्या दिवशी सामान घेतलं आणि गाडीला किक मारली.

घरी हे नव्हते. शिडी नव्हती, कोयताही नव्हता. मी तशीच शेताकडं गाडी घातली. लांबूनच चिंचेला लावलेली शिडी दिसली आणि खाली बुंध्याशी ह्यांचा सदरा. पाय लांब करून बसलेले. गाडी कुठं टाकली मला आठवत नाही.

“पडलासा?”

“न्हाय.” ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “वर गेलोच न्हाय. तीन-चार पायऱ्या गेलतो, मग हात सुटंना शिडीचा. पाय वर जाईना आन् खाली बी येईना. कसाबसा एकेक पायरी उतरलो.” मान खाली घालून म्हणाले, “भ्या वाटलं गं मला. कुणाला सांगू नगो.”

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. सुखानं रडले, कारण डॉक्टरांचं, मुलाचं, माझं जे ह्यांनी ऐकलं नव्हतं ते ह्यांच्या पायांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात लांबडी खोलली. हे समोर बसले, मी न बोलावता. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर पेट्रोलनं धुतला, सगळे भाग उन्हात पत्र्यावर वाळवले. प्लग काढून इंजिन उलटं धरलं आणि ह्यांना दोरी ओढायला सांगितली. प्लगच्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला, तेव्हा त्यांनी लाजून मान फिरवली. नवा प्लग, नवा फिल्टर, ताजं पेट्रोल, त्यात मापानं ऑइल. किती घालायचं ते ह्यांनी विचारून घेतलं. दोन-चार ओढीत ती खोकली, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली.

चिंचेखाली आम्ही दोघंही गेलो. तेवढ्यात टोळीचा मुकादम आपली माणसं घेऊन टोळी उतरायची जागा बघायला आला. ह्यांना जुना ओळखणारा. कोयता घेऊन शेंड्याला जाणारा माणूस हातात दांडा धरून खाली उभा बघितला आणि त्यानं चार जणांदेखत चेष्टा केली, “काय पावणं, आता वर जाईत न्हाईसा व्हय?”

 एवढ्याशा बोलण्यावर हा माणूस पूर्वी झाडाच्या शेंड्याला गेला असता. ह्यांनी पट्टा खांद्यावर नीट केला.

“न्हाय,” ते म्हणाले, “भ्या वाटतंय मला.” आणि दोरी ओढली.