कानांतला कापूस
दादा गेला तो मंगळवार होता. अजूनही वाती वळायला कापूस हातात घेतला की गंगापूर रोडवरचं ते मंगल कार्यालय आठवतं. दादा हयात असताना एका दुपारी तिथे कानठळ्या बसवणारं रॉक वाजवणारे चार मेटल बँड वाजवणार होते, शेवटचा दादाचा. त्याने इंजिनिअरिंग सोडल्यापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. माझ्या हट्टापायी आले, तेही कानांत कापूस घालून. "हे गाणं आहे की भांडण?" त्यांनी मला विचारलं. दादाची पाळी आली आणि लोडशेडिंगमुळे वीज गेली. गिटार गप्प झाल्या, पण दादा एकटाच ड्रम वाजवत राहिला. बाबांनी हळूच कापूस काढला. नंतर त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "हात दुखले असतील रे. चल घरी." त्याच्या ड्रमच्या काड्या आता बाबांच्या कपाटात आहेत.