हाताशिवायची हाक

घाटातला बोगदा खणायला गेलेला कडावचा भिवाजी पटकीतून जगून परत आला, पण एकटा आला नाही. तिथं मेलेले गडी त्याला दिवसाउजेडी नावानं हाका मारीत, आणि हा हातातला घास टाकून घाटाच्या वाटेला लागे. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, वेतानं पाठ सोलली. शेवटी गावानं त्याचा पाय खोड्यात घातला. ओंडक्याला भोक, त्यात घोटा, वर खुंटी. गावाची अक्कल तिथं संपली.

थोरली बहीण भागूबाई नवरा वारल्यावर माहेरी परतली होती. ती ओंडक्याशेजारी बसली आणि आजवर कुणीच न विचारलेलं तिनं विचारलं, "काय म्हणतात रं ते?"

"ये म्हणतात, आक्का. आमी अंधारात हाव, तू बी ये."

"अंगाला हात लावतात?"

भिवाजीनं आठवून पाहिलं. "नाय. हात नाय लावत."

"मग खांद्यावर हात ठेवल्याबिगर कुनी बी हाक मारली, तरी उठायचं नाय. मी बी हात ठेवूनच बोलवीन."

भागूबाईच्या शब्दावर मालोजी पाटलानं खोडा उघडला, पण बजावलं, "एकदा जरी हाकेमागं गेला, तर मरेस्तोवर पाय यातच."

दोन वर्षं तो गेला नाही. हाका काही थांबल्या नव्हत्या. पण तो आपला खांदा बघे आणि पुन्हा कामाला लागे. आपण जिंकलो, असं भागूबाईला वाटू लागलं.

एका सकाळी बांधावर गवत कापताना ती घसरून ओहोळात पडली. नडगी मोडली. वर वीस पावलांवर भिवाजी भातातलं तण बेणत होता. तिनं हाक मारली. त्यानं मान वर केली, खांद्याकडे पाहिलं, पुन्हा वाकला. ती रडली, ओरडली, शिव्या दिल्या. तो बेणत राहिला.

मग तिच्या ध्यानात आलं आणि तिला भयंकर भीती वाटली. त्याच्या लेखी आता तीही त्या मेलेल्यांतलीच होती. आणि आज तो उठला असता, तर उद्या कुठल्याही हाकेला उठला असता. तिनं तोंडात पदर कोंबला.

दुपारी भिवाजी पलीकडच्या शेतात गेल्यावर, सुकट विकायला आलेल्या सफुरानं तिला पाहिलं आणि माणसं आणली.

संध्याकाळी भिवाजी घरी आला तो हसत.

"आक्का, आज त्यांनी तुजा आवाज काढला. लय रडला गं तो आवाज. पन मी नाय उठलो." मग त्याला तिचा बांधलेला पाय दिसला. "ह्ये काय झालं?"

भागूबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उंबऱ्याला अडखळले रं," ती म्हणाली. "तू उठला नायस, बरं केलंस."