कुंदाच्या पायावरचे उपचार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्येच चहा सांडायचा नाही. बिघाड गाडीत होता आणि मी पंधरा दिवस बायकोच्या पायावर उपचार केले. मनापासून केले, हे त्यातलं आणखी वाईट.

झालं काय, आम्ही विजेवरची गाडी घेतली. तिच्यात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते आणि वर बॅटरीत थोडी भर पडते. हे कळलं त्या दिवसापासून मी ब्रेक दाबणं सोडलं. सिंहगड रस्त्यावरची सगळी गर्दी मी नुसता पाय उचलून पार करायचो. ब्रेक आमचा सोवळ्यात. सोसायटीत भेटेल त्याला सांगायचो, "वर्ष झालं, ब्रेक झिजवलेला नाही." लोक मला लिफ्टमध्ये बघून जिन्यानं जायला लागले.

माझी बायको कुंदा लग्नकार्यात फुलांची सजावट करते. पहाटे मार्केट यार्डातून फुलं आणायची, ती रिक्षात मांडीवर घेऊन. यंदा तिला पहिलं मोठं काम मिळालं, धायरीतल्या एका कार्यालयातलं, अख्खा हॉल सजवायचा. तेवढी फुलं रिक्षात मावणार कशी? म्हणून बावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली. मी नेलं असतं की. पण पहाटे मला उठवण्यापेक्षा ड्रायव्हिंग शिकणं सोपं, असं तिचं मत पडलं.

क्लास संपला आणि तिनं आमची गाडी हातात घेतली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, ब्रेक दाबला की गाडी थरथरते. स्टिअरिंग हातात राहत नाही."

मी लगेच एक चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी.

"काही थरथरत नाही. माझ्याकडे नीट चालते."

आता मी पोटापाण्यासाठी काय करतो, माहितीये? आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधतोय. एखादा प्रोग्रामर "सर, माझ्याकडे तर चालतंय" म्हणाला की मी त्याला उभा सोलतो. तोच मी, हे लक्षात ठेवा.

गाडी ठीक, म्हणजे दोष पायात. आधी तिची चप्पल बदलली. मग पाठीमागे उशी. मग रोज संध्याकाळी पोटरीला कोमट तेल. शेवटी तिला शिलाई मशीनवर बसवलं आणि मागे उभा राहून ओरडलो, "सिग्नल लाल. हळू दाब. आता हिरवा." त्या सरावात चार उश्यांचे अभ्रे शिवून झाले. गाडी थरथरतच राहिली.

गुरुवारी ती घरी आली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. "रविवारचं हॉलचं काम मी दुसऱ्या कुणाला देते. माझ्या वयाला नाही जमायचं हे."

कधी भांडताना रडली नाही ती बाई, आणि त्या दिवशी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मला भरून आलं. म्हटलं, पायच दोषी आहे हे तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं तर निदान तिच्या मनाला शांतता मिळेल. बघा, अजूनही पायच.

दुसऱ्या दिवशी आम्ही साळुंक्यांच्या गॅरेजमध्ये. साळुंके माझ्याच वयाचे, शब्द मोजून बोलणारे. शेजारी बसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही चालवा." कुंदा मागे.

"थांबवा." मी पाय उचलला. गाडी शहाण्यासारखी मंदावत गेली.

"ब्रेक दाबा म्हटलं."

"कशाला? थांबतेच आहे की."

"दाबा."

परत वेग घेतला आणि दाबला. स्टिअरिंग असं हादरलं की माझे दात वाजले. मग मागून कुंदाचा आवाज, अगदी काळजीचा:

"तुमचाही पाय दुखतो का हो?"

साळुंक्यांनी चाक काढलं. आतली लोखंडी तबकडी, जिला धरून ब्रेक गाडी थांबवतो, ती ठिकठिकाणी गंजून नारिंगी झालेली.

"गाडी धुता?"

"रोज. पाइपनं."

"मग?"

"लगेच कव्हर. धूळ बसते ना."

"आणि ब्रेक?"

"वापरत नाही. झिजतो."

"साहेब, झिजायलाच केलाय तो." त्यांनी हात पुसले. "लोखंडी तवा कधी घासायचा नाही, वर ओला झाकून ठेवायचा. कुठे गंज, कुठे गुळगुळीत. दाबला की धडधडणारच. गंज अजून खोल गेलेला नाही, म्हणून वाचलात; करकचून ब्रेक लावून लावून घासला की निघेल. वहिनी, तुम्ही बसा पुढे."

धायरीच्या पुढे प्लॉटिंगसाठी केलेला एक मोकळा रस्ता आहे, चिटपाखरू नसतं. कुंदा स्टिअरिंगवर, शेजारी साळुंके, मी मागे. गाडी पन्नासला न्यायची, करकचून ब्रेक, परत पन्नास. पहिल्या दोन वेळा ती बिचकली.

"वहिनी, कुणाचा राग येतो का?"

तिनं आरशात बघितलं. आरशात मी होतो. पुढचा ब्रेक असा लागला की पट्टा नसता तर मी पुढे साळुंक्यांच्या मांडीवर गेलो असतो. पाचव्या वेळी थरथर निम्मी झाली. दहाव्या वेळी गाडी जागच्या जागी थांबली, काठाला होडी टेकावी तशी.

कुंदानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून बघितले. "अहो, मला येतंय की."

रविवारी मी उठलो तेव्हा गाडी खाली नव्हती. खिडकीतून वाकून बघत बसलो. सात वाजता ती गेटमधून आत आली. मागची सीट निशिगंधानं भरलेली, पुढच्या सीटवर झेंडूचं पोतं, त्याला पट्टा लावलेला.

काल गॅरेजचा कागद फाइलला लावताना पहिल्यांदा नीट वाचला. साळुंक्यांचं अक्षर सुरेख. तक्रार: ब्रेक दाबताना थरथर. कारण: मालक. उपाय: मालकीणबाई.

खाली 'वाचून मान्य' असं छापलेलं, आणि त्यावर माझी सही.