चित्रांच्या पुस्तकाचे तीन नियम

शिवणाच्या डब्यात सुटी बटणे साठतात, तसे किस्से साठतात. सदरा केव्हाच फाटलेला असतो. बटण मात्र टाकवत नाही. दुसरबीडजवळच्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत मी काही वर्षे बुधवारी आणि शनिवारी मुलांना चित्रांची पुस्तके वाचून दाखवीत असे. माझ्या डब्यात तिथलीच बटणे सर्वांत जास्त!

शाळेच्या वंदनाबाई तीन वर्ग एकट्या सांभाळीत. मी जुनी मॅट्रिक, म्हणून त्या मला बोलवायला घरी आल्या. मी तीन नियम सांगितले. पुस्तकाला कोणी हात लावायचा नाही. आपली जागा सोडायची नाही. आणि वाचन चालू असताना मध्ये बोलायचे नाही, मग तो कोणीही असो!

पहिल्या दिवशी तीसही मुले पुतळ्यासारखी बसली. हरवलेल्या करडाची गोष्ट संपवून मी समाधानाने विचारले, "कोणाला काही शंका?"

एक हात वर झाला. "आजी, तुमचा एक चष्मा डोळ्यावर हाय अन् एक डोक्यावर. गोष्ट कोणत्यातून वाचली?"

*

एका पुस्तकात हत्ती फेटा बांधून बाजाराला निघतो. याला कोणाचीही हरकत नव्हती. मात्र वाटेतल्या सोयाबीनच्या शेतात चित्रकाराने शेंगा भुईमुगासारख्या मातीखाली काढल्या होत्या. पान संपवून मी थांबले मात्र, वर्गात कालवा झाला.

"आजी, सोयाबीन जमिनीत काऊन लागली?"

"खोटं पुस्तक हाय बे हे!"

चित्रकाराच्या वतीने मी रीतसर क्षमा मागितली, तेव्हा कुठे हत्ती बाजारात पोहोचला.

*

करडाची गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा हवी असे. एकदा शाळा सुटायला दोनच मिनिटे होती, म्हणून मी मधले एक पान गुपचूप उलटले. गोष्ट संपली, घंटा झाली, कोणी उठेना!

"आजी, करडू आडात पडलंच नाही, तं तुम्ही काढलं कसं?"

करडाला आधी आडात पाडावे लागले, पुन्हा बाहेर काढावे लागले; मग शाळा सुटली.

*

एका शनिवारी अस्वलाची गोष्ट अर्धी राहिली. सोमवारी सकाळी एका मुलाची आई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन माझ्या दारात उभी!

"आजी, पोरानं काल दिवसभर डोकं खाल्लं. ते अस्वल सापडलं का नाही, तेवढं मले सांगा."

"बुधवारी शाळेत येऊन ऐका," मी म्हटले.

ती आली. पुढच्या बुधवारी आणखी दोघींना घेऊन आली. त्या तिघी व्हरांड्यात बसत, आणि मुलांपेक्षा शांत बसत, हे मला नमूद केलेच पाहिजे.

*

आता कोमलची गोष्ट.

माझी वाचनाची रीत ठरलेली. पुस्तक मांडीवर, प्रत्येक शब्दाखाली बोट. पान संपले की ते मुलांकडे वळवून चित्र दाखवायचे आणि खालच्या ओळी तळहाताने झाकायच्या, म्हणजे लक्ष चित्रावरच राहते. माझ्या अगदी समोर, माझ्या गुडघ्याला टेकून, कोमल बसे. पहिली आणि दुसरी तिची ऊसतोडीच्या फडातच गेली होती. तिसरीत होती, पण वंदनाबाईंनी धड्याचे पुस्तक पुढे ठेवले की तोंडातून शब्द निघत नसे.

तिचे वडील बबनभाऊ दिवाळीनंतर शाळेत आले. "वाचता येत नाही, तं इथं ठेवून काय करू? सोमवारी आमची टोळी निघून राह्यली. संग आली तं लहान्याले सांभाळते."

"शनिवारी या," मी म्हटले. "ती वाचून दाखवील." कोणत्या भरवशावर बोलले, देव जाणे!

शनिवारी बबनभाऊ दारात उभे राहिले. मी करडाचे पुस्तक काढताच म्हणाले, "ते नको, माय. ते तिले पाठ हाय, घरी तेच सांगत राह्यते. नवं द्या."

त्याच सकाळी टपालाने एक पुस्तक आले होते. मीसुद्धा ते उघडले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा नियम मोडला आणि पुस्तक मुलीच्या हाती दिले. कोमलने पान उघडले, पाहिले, आणि पुस्तक शांतपणे उलटे फिरवून मांडीवर ठेवले.

मी पुढे वाकले. तिच्या कानाशी म्हटले, "कोमल, सरळ ठेव."

तीही तितक्याच हळू म्हणाली, "ठेवलं ना, आजी. आता तुमच्या मांडीवर दिसते तसं दिसून राह्यलं."

आणि ती वाचू लागली. बोट उजवीकडून डावीकडे सरकत होते. चित्रातली म्हैस डोक्यावर चालत होती, आभाळ पायाखाली होते. शब्द मात्र एकही चुकला नाही. माझ्याचसारखी ती स्वल्पविरामाला थांबत होती!

पान संपले. बबनभाऊंनी उपरण्याने तोंड पुसले. "मुकादमाले सांगतो, यंदा हे लेकरू येत नाही. घरी आमच्या म्हातारीपाशी राहते, शाळा शिकते."

कोमलने पान उलटले आणि पुढे वाचू लागली. वंदनाबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. त्यांना राहवेना.

"अहो बबनभाऊ, पण ते पुस्तक तर..."

तीस तोंडे एकदम त्यांच्याकडे वळली.

"बाई, वाचन चालू हाय! मधात बोलायचं नाही!"