ठिबकची नळी

नळीचं चित्र पहिल्यांदा मीच काढलं. दादाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली तेव्हा दवाखान्यात औषधांच्या चिठ्ठीमागं मी त्याला ठिबकची नळी काढून दाखवली. शेवगावजवळच्या रानात आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसरं काय दाखवणार? आत क्षार साचले की पाणी अडतं, तसंच रक्ताचं. तो हसला. "मास्तर, आज पयल्यांदा कामाचं बोलला." मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण तो मला मास्तरच म्हणायचा.

काही महिन्यांनी आठवडी बाजारात त्याला काढेवाला भेटला. त्याच्या टॅबवर ॲनिमेशन चालायचं: तांबडी नळी, आत पांढरा थर, वरून हिरवे थेंब पडतात आणि नळी लखलखीत होते. आमच्याकडं क्षार धुवायला ठिबकला असंच ॲसिड सोडतात, मग टोकाचं बूच काढून गढूळ पाणी वाहू देतात. दादानं काढा घेतला, त्याला जुलाब लागले, आणि तो खूश झाला. फोनवर म्हणाला, "घाण निघाली बघ सगळी. आता गोळ्या कशाला?"

मी रागावलो. "घेतो, घेतो," म्हणाला.

तीन आठवड्यांत तो गेला. जाळीत रक्ताची गाठ झाली, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीला कपाटात गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली.

त्या उन्हाळ्यात मी एकही पुस्तक वाचलं नाही. ॲनिमेशन शिकलो. काढेवाल्याचाच तांबडा रंग घेतला, त्याचाच हिरवा. माझ्या चित्रात हिरवे थेंब पोटात जातात, आतड्यातून बाहेर पडतात. नळीला शिवतही नाहीत. मग विहिरीतल्या मोटारीची जाळी दिसते. गोळी रोज तिथं शेवाळ धरू देत नाही. गोळी थांबते, शेवाळ जाळी गच्च आवळतं, मोटार घरघरत राहते आणि रान वाळतं. रान आमचंच काढलं आहे, बांधावरच्या लिंबासकट.

बाजाराच्या दिवशी मी काढेवाल्याच्या शेजारीच स्टूल टाकून माझं चित्र लावलं. एका म्हातारीनं त्याला विचारलं, "हे बी तुमचंच पिक्चर का?"

"ह्यांचंच," मी म्हणालो. "पुढचा भाग."

लोक माझ्याकडं सरकले. त्याच्या हातातली बाटली हातातच राहिली. तो हळूच म्हणाला, "सर, कुणी गेलंय का तुमचं?"

"तुमचं गिऱ्हाईक."

त्यानं बाजार बदलला. मीही बदलला. तीन बाजार मी त्याला बसू दिलं नाही. मला बघून त्यानं बाटल्या गोळा करायला घेतल्या की मला बरं वाटायचं. ते लपवण्यात अर्थ नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, बास करा आता. त्यानं काय ते माघारी येणार हायत?"

"नाही."

"मग?"

दवाखान्यातली ती चिठ्ठी माझ्या खिशात होती. तिच्यावर नळी आहे, क्षार आहेत. जाळी दाखवायची मी विसरलो होतो. गोळी कशासाठी, हे त्या चित्रात कुठंच नाही. हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

आता तो अकोले तालुक्यात गेलाय, राजूरच्या बाजारात बसतो असं कळलं. तिथं भातखाचरं, ठिबकच्या नळीनं त्याचं भागणार नाही, त्यानं दुसरं चित्र केलं असेल. आधी ते बघून यावं लागेल. मग माझं बदलायला घेईन.