नाकसाहेब आणि टपालाची अंडी

नाकसाहेबांना जगाची किळस यायची. अमक्याची तमक्याची नव्हे, सरसकट सगळ्या जगाची. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: अंडं वाटीत फोडायचं, नाकाशी न्यायचं, चांगलं असेल तर पिंपात ओतायचं, नासकं असेल तर बादलीत. एक नासकं अंडं पिंपात गेलं की दिवसभराचं पीठ मातीमोल. खरं नाव हजेरीपटावर राहिलं आणि माणूस नाकसाहेब झाला. निरोपाच्या दिवशी कारखान्यानं त्यांना काचेच्या चौकटीत मानपत्र दिलं, 'शेवटच्या तीन वर्षांत एकही अंडं वाया न घालवल्याबद्दल'. ते जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीला टांगलेलं होतं.

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर अंड्यांपासून चार हात लांब राहील की नाही? छे! त्यांनी अंडी उबवायची पेटी घेतली, जेवणाच्याच टेबलावर मांडली आणि लांबलांबच्या कोंबड्या पाळणाऱ्यांकडून टपालानं अंडी मागवायला सुरुवात केली. पिल्लं निघाली की आठवड्याभरात वाटून टाकायचे, घाण करतात म्हणून. खरी हौस पिल्लांची नव्हतीच मुळी. पार्सल उघडून नाक मुरडायची होती.

आणि नाक मुरडायला लोक कारणंही देत, खोटं कशाला बोला. एकानं अंडी जुन्या मोज्यांत गुंडाळून पाठवली, टाचांचे काळे ठसे तसेच. एकाच्या अंड्यांवर विष्ठेचा असा थर, की आधी अंडं शोधावं लागलं. एका महाभागानं तर दुकानातली खायची अंडी भरून पाठवली आणि त्यांच्यावरचा शिक्कासुद्धा पुसायची तसदी घेतली नाही. अशा प्रत्येकाचा पंचनामा नाकसाहेब फोनवरच्या गटात करायचे. चारशे हौशी लोक होते त्या गटात. नाकसाहेबांनी 'नासकं' म्हटलं की त्या माणसाकडून कुणी अंडं घेत नसे. दोघांचा धंदा असा कायमचा बसला होता.

घरातही तीच तऱ्हा. बायकोच्या हाताची चव गेली, कांद्यात दम राहिला नाही, साबणाला वास म्हणून नाही, सगळे मेले भेसळ करतात. बायको ऐकून घ्यायची. पेटीतली अंडी फिरवायला ती रोज त्यांच्याबरोबर उभी राहायची आणि मधूनच एखादं उचलून त्यांच्यापुढे धरायची. म्हणायची, अहो, हे नासलंय ना? ते हुंगायचे, तोंड कडू करायचे, फेक म्हणायचे. वर तिच्याकडे असं बघायचे, की बघ, याला म्हणतात नाक.

यावेळचं पार्सल एका शिक्षिकेकडून आलं. पायांवरही पिसं असलेल्या कोंबड्या होत्या तिच्याकडे आणि ही तिची पहिलीच विक्री. बारा अंडी, प्रत्येक वेगळ्या कागदात, मऊ भुशात, एकालाही तडा नाही. खोट काढायला जागा मिळेना म्हणून नाकसाहेब उलट जास्तच चिडले. तिनं फोन केला. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून बघा, आत शिरा दिसल्या नाहीत तर ते अंडं लगेच काढा, उबेनं नासून फुटतं, म्हणाली. मग जरा अडखळत म्हणाली, की नोकरी सोडून हेच करायचा विचार आहे, काका गटात काय लिहितात त्यावर सगळं ठरेल.

"बॅटरी लागते ती ज्यांना नाक नाही त्यांना," नाकसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

सातव्या दिवशी अर्थातच बॅटरी लागली नाही. दहाव्या दिवशी लेकीचा फोन आला, नातू तापानं फणफणलाय. बायको निघाली. दारातून तीनदा मागे वळून तिनं सांगितलं, की मी येईपर्यंत तेवढी बॅटरी लावून बघत जा. पण नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसाला कोण शिकवणार? त्यांनी रोज एकेक अंडं हुंगलं. एकालाही वास नव्हता. अठराव्या दिवशी नियमाप्रमाणे त्यांनी झाकण बंद केलं, कारण शेवटचे तीन दिवस पेटी उघडायची नसते. काच आतून वाफेनं धुरकटली.

एकोणिसाव्या दिवशी खालचा शिंपी नाकाला रुमाल लावून वर आला. काहीतरी मेलंय का हो, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त येत असेल, असं म्हणाला. नाकसाहेब म्हणाले, म्हणजे काय, कालपासून जीव नकोसा झालाय, गटार तुंबलंय. त्यांनी स्वतः माणूस बोलावून गटार साफ करून घेतलं आणि वास जाईना तेव्हा त्यालाच कामचुकार म्हणून झापलं. मग पेटीशेजारी बसून पोटभर जेवले.

एकविसावा दिवस उजाडला. चोच नाही, चिवचिव नाही. दुपारपर्यंत वाट बघून त्यांनी गटात लिहिलं: 'बारापैकी एकही नाही. या बाईकडे कोंबडाच नसावा. किळसवाणा धंदा. कुणी फसू नये.' दहा मिनिटांत तीस जणांनी आभार मानले.

चार वाजता बायको परतली. दार उघडताच तिला कोरडी उलटी आली. आत नाकसाहेब बिस्कीट चहात बुडवून खात होते. ती खिडक्या उघडत गेली आणि शेवटी तिनं पेटीचं झाकण उचललं. एक अंडं आतल्या आत फुटलं होतं. हिरवट काळी घाण बाकीच्या अकरांवर उडून, वाळून, घट्ट बसली होती, कवचातून हवा जायला जागाच उरली नव्हती. तिनं कागद पसरला आणि एकेक अंडं फोडलं. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, पायांच्या बोटांपर्यंत पिसं आलेली, अकराच्या अकरा मेलेली. एकानं कवचाला भोकही पाडलं होतं.

"अहो, वास..." एवढं बोलून ती थांबली.

नाकसाहेबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांना ती रोज समोर धरायची ती अंडी आठवली. वास येतोय असं ती कधीच म्हणाली नव्हती. नासलंय ना, असं विचारायची.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्हाला तो मोठा ताप आला होता, तेव्हापासून. आंबलेलं दूध ग्लासभर प्यायलात, तोंडसुद्धा वाकडं केलं नाहीत."

"तेव्हा मी कामावर होतो."

"निवृत्तीला तीन वर्षं होती," ती म्हणाली. "काय सांगणार होते मी? दुसरं होतं काय तुमच्याकडे?"

त्यांनी आधी फोन घेतला. लिहिलेलं पुसलं आणि नवीन लिहिलं: 'अंडी उत्तम होती. पिल्लं माझ्यामुळे मेली. मला वास येत नाही.' यावेळी कुणी आभार मानले नाहीत. शिक्षिकेनं फक्त विचारलं, की कितव्या दिवशी गेली?

फोन खाली ठेवून त्यांनी मान वर केली, तर समोर मानपत्र. पूर्वी बादलीत रोज पाचसहा अंडी जायची. शेवटची तीन वर्षं बादली कोरडी होती आणि कोंबड्यांचा दाणा सुधारला असं ते सगळ्यांना सांगत फिरले होते. बिस्किटांना वास येतो अशा तक्रारी आल्या तेव्हा त्यांनीच लोणीवाल्याकडे बोट दाखवलं होतं. त्या माणसाचं काम गेलं. रोजची हजारभर अंडी त्यांनी एकेक करून नाकाशी नेली होती आणि एकेक करून पिंपात ओतली होती.

बशीत अर्धं बिस्कीट भिजून फुगलं होतं, कारखान्यानंच पाठवलेलं. नाकसाहेबांनी तोंडावर हात धरला. बायको धावत गेली आणि तिनं बादली आणून पुढे धरली.